विद्यापीठाचे टपाल घरच्या कॉम्प्युटरवर

पूर्वी विद्यापीठाचे पत्र आले की सगळ्या चाळीला कळत असे. तपकिरी पाकीट, कोपऱ्यात विद्यापीठाचा शिक्का, आणि जिन्यातूनच पोस्टमनची हाक. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षणाची सोय केली, पुढे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, आणि आपल्यासारख्या कितीतरी जणींनी अशी पाकिटे ओट्याशी उभ्याने फोडून, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता पदव्या मिळवल्या. गंमत पाहा, त्याच १९७१ सालात तिकडे अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरने एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर पहिला निरोप धाडला आणि पत्त्याच्या मधोमध ते शेपटीवाले ‘ॲट’चे चिन्ह बसवले.

आता तपकिरी पाकिटाची जागा त्या शेपटीवाल्या चिन्हाने घेतली आहे. प्रवेश पक्का झाला की पुष्कळ विद्यापीठे विद्यार्थिनीला तिच्या नावाचा एक ईमेल पत्ता देतात. परीक्षेचा अर्ज, फी भरण्याची शेवटची तारीख, हॉल तिकीट, केंद्र बदलल्याची सूचना असे सारे त्या पत्त्यावर येते. पोस्टमन हाक मारत नाही, जिन्यात कोणी विचारत नाही, आणि पत्र आले आहे हे आपल्याला कळले नाही तर ते कोणालाच कळत नाही.

आमच्या अंबरनाथ पश्चिमेला, आमच्याच इमारतीत असे घडले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी लग्नानंतर सोळा वर्षांनी एम.ए.ला नाव घातले. प्रवेशाचा अर्ज एका सायबरवाल्याकडून भरून घेतला. ईमेलचे खाते त्यानेच सुरू करून दिले, पासवर्ड त्याच्या वहीत, आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही दुकानातल्या मुलाचा. पहिल्या वर्षाच्या परीक्षेचे केंद्र बदलल्याचे पत्र सहा दिवस त्या खात्यात पडून होते. आदल्या रात्री बरोबरच्या एका विद्यार्थिनीचा सहज फोन आला म्हणून कळले, नाहीतर पेपर बुडालाच होता. पहाटेच्या लोकलने त्या नव्या केंद्रावर पोहोचल्या, पेपर दिला, आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “अहो, पत्र माझं, परीक्षा माझी, फी माझ्या भिशीतून गेली, आणि किल्ली मात्र दुकानदाराकडे!”

मैत्रिणींनो, सायबरवाल्याला बोल लावून आपण मोकळ्या होतो, पण किती घरांत ही किल्ली नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनमध्ये असते ते मोजून पाहा. घरच्यांवर विश्वास असतोच. तरीही मुलाला मित्रांच्या मेसेजमधून आईच्या परिपत्रकाकडे बघायला सवड केव्हा मिळणार? म्हणून आधी किल्ली घ्या आणि मग ते टपाल घरच्या कॉम्प्युटरवर आणा. दोन्ही कामे एका दुपारी होतात.

आधी किल्ली

ब्राउझरमध्ये आपले विद्यापीठाचे खाते उघडा, सुरक्षेच्या पानावर जा आणि पासवर्ड स्वतः बदला. खात्याला जोडलेला नंबर आपलाच आहे ना, ते पाहा. दुसऱ्याचा असेल तर काढून आपला घाला, कारण पासवर्ड हरवला तर कोड त्या नंबरवरच जातो. दोन पायऱ्यांच्या पडताळणीची सोय दिसली तर तीही सुरू करावी. काही विद्यापीठांत विद्यार्थ्याला हे स्वतः करता येत नाही, त्यांच्या संगणक विभागाला अर्ज द्यावा लागतो. द्यावा. पीआरएन नंबर आणि ओळखपत्राची प्रत जोडली की काम लवकर होते. पासवर्ड मुलांच्या वाढदिवसाचा नको, ते सगळ्या नातेवाइकांना पाठ असतात.

“फोनवर दिसतंच की सगळं, मग कॉम्प्युटर कशाला?” असे वहिनींनी विचारले होते. फोनवर नवे पत्र आल्याचे कळते हे खरे. पण वेळापत्रकाचा तक्ता त्या एवढ्याशा काचेवर वाचताना तारीख एका ओळीची आणि विषय दुसऱ्या ओळीचा असे होते. शिवाय आपला फोन आपल्या हातात किती वेळ असतो हेही आपल्याला माहीत आहे. कॉम्प्युटरवरच्या टपालाच्या प्रोग्रॅमची खुबी अशी की पत्र एकदा उतरले की ते आपल्या घरात असते, नेट असो वा नसो. आपल्या पट्ट्यात पावसाळ्याची गोष्ट कोणाला सांगायला नको. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली, ते दिवस आठवा. एवढा पूर दरवर्षी येत नाही, पण चार थेंब जोरात आले की नेट जाते हे नेहमीचे. अशा वेळी लॅपटॉपच्या बॅटरीवर उतरवलेली पत्रे आणि त्यांना जोडलेल्या नोट्स वाचता येतात.

तिसरे कारण पुष्कळ जणींना ठाऊकच नसते: हे खाते कायमचे नाही. विद्यापीठाने दिलेला पत्ता हा भाड्याच्या खोलीसारखा आहे, शिक्षण संपले की खोली खाली करावी लागते. गुगल पूर्वी शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा देत असे, २०२२ पासून तिलाही मर्यादा आली. तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांची खाती ठेवावीत की नाही, याचा हिशेब संस्था करू लागल्या यात नवल नाही. दोन वर्षांचा पत्रव्यवहार, फीच्या पावत्या, मार्गदर्शक बाईंनी तपासून पाठवलेला प्रबंध हे सगळे खोलीबरोबर जायला नको असेल, तर ते आधीच घरी आणून ठेवलेले बरे.

पोस्टात राहायला गेलेली बाई

या प्रोग्रॅमांचे आणि विद्यापीठांचे नाते जुने आहे. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट नावाचे जाळे सुरू झाले ते शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठीच, त्यात मुंबईची आयआयटीही होती. घरोघरी इंटरनेट मिळू लागले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ पासून. तिकडे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात काम करणाऱ्या स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये टपालाचा एक प्रोग्रॅम लिहिला, तो पुढे जगभर गाजला. त्याला त्यांनी एका लेखिकेचे नाव दिले: युडोरा. का, तर युडोरा वेल्टी या लेखिकेची १९४१ सालची एक कथा त्यांना आठवत होती, ‘मी पोस्टात का राहते’ अशा अर्थाच्या नावाची. तिची नायिका लहानशा गावात पोस्ट सांभाळणारी. घरच्यांशी भांडण होते आणि ती आपले सामानसुमान उचलून सरळ पोस्टातच राहायला जाते! दिवसभर टपालात बुडालेल्या डॉर्नरना आपणही पोस्टातच राहतो असे वाटत असणार. वहिनींना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. म्हणाल्या, “अंबरनाथचं पोस्ट केवढंसं, त्यात माझी भांडी कुठं मावणार!”

युडोरा आता वापरात नाही. आज घरच्यासाठी मी थंडरबर्ड सुचवीन. मोझिला संस्थेने त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये काढली. तो फुकट आहे, लोकांच्या देणग्यांवर चालतो, आणि पत्रांच्या शेजारी जाहिराती दाखवत नाही. विंडोजबरोबर येणारा जुना ‘मेल’ प्रोग्रॅम ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला, त्यामुळे तो वापरणाऱ्यांनाही दुसरे काही शोधावेच लागले.

थंडरबर्ड घ्यायचा तो त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच, थंडरबर्ड.नेट वरून. गुगलवर नाव टाकले की वर जाहिरातींच्या ओळी येतात, त्यांतल्या एखादीवर क्लिक केले तर भलतेच काहीतरी घरात शिरते. घरचा कॉम्प्युटर अगदी जुना, विंडोज ७ चा असेल तर नवा थंडरबर्ड त्यावर चालत नाही, आणि तशा कॉम्प्युटरवर विद्यापीठाचा पासवर्ड टाकूही नये असे माझे मत. मिस्टरांच्या कंपनीच्या लॅपटॉपवर तर मुळीच नको. तो लॅपटॉप कंपनीचा. नोकरी बदलली की तुमच्या पत्रांसकट परत जाईल.

जोडणी

प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला की तो तुमचे नाव आणि ईमेल पत्ता विचारतो. दोन्ही लिहून पुढे जा. तो स्वतःच शोध घेतो आणि तुमचे टपालघर कुठले ते सांगतो. इथे बऱ्याच जणी बुचकळ्यात पडतात, कारण पत्त्यात नाव विद्यापीठाचे आणि समोर येते ते गुगल किंवा मायक्रोसॉफ्ट! घाबरू नका. पुष्कळ विद्यापीठे स्वतःचे टपालघर चालवत नाहीत, या दोघांपैकी एकाकडे देतात. आपले कोणाकडे आहे ते कळायला सोपी खूण अशी: ब्राउझरमध्ये खाते उघडताना पासवर्डचे पान कोणाचे येते ते पाहावे.

बहुधा सगळे आपोआप जुळते. न जुळले तर हाताने भरायचे, आणि अक्षरे अर्थातच इंग्रजी टाइप करायची. गुगल असेल तर येणाऱ्या टपालासाठी आयमॅप.जीमेल.कॉम, पोर्ट ९९३. जाणाऱ्या टपालासाठी एसएमटीपी.जीमेल.कॉम, पोर्ट ४६५. दोन्ही चौकटींत सुरक्षा विचारली की एसएसएल/टीएलएस. मायक्रोसॉफ्ट असेल तर येणाऱ्याला आउटलुक.ऑफिस३६५.कॉम, पोर्ट तेच ९९३. जाणाऱ्याला एसएमटीपी.ऑफिस३६५.कॉम, पोर्ट ५८७, आणि तिथे सुरक्षा स्टार्टटीएलएस. यूजरनेम म्हणून नुसते नाव नको, पूर्ण ईमेल पत्ता हवा. बारीकसारीक वाटेल, पण मिठाच्या चिमटीसारखे आहे, एक चुकले की सगळे बिघडते.

ओळख पटवण्याची पद्धत विचारली की ‘ओऑथ२’ निवडावी. पूर्वी प्रोग्रॅमला आपला पासवर्ड देऊन टाकायचा असे. मायक्रोसॉफ्टने ती पद्धत २०२२ च्या ऑक्टोबरपासून बंद करत आणली, गुगलने संस्थांच्या खात्यांसाठी २०२५ मध्ये. जुन्या माहितीवरून जोडणी करणाऱ्या कितीतरी जणींचा “पासवर्ड बरोबर आहे हो, तरी घेत नाही” असा तक्रारीचा सूर असतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच. आता गुगलची किंवा मायक्रोसॉफ्टची स्वतःची खिडकी उघडते. पासवर्ड तिथे टाकायचा, फोनवर आलेला कोड द्यायचा, परवानगीला होकार द्यायचा. ते थंडरबर्डला नुसती चिठ्ठी देतात की या बाईंचे टपाल याला द्यावे. दूधवाल्याला घराची किल्ली न देता दाराला पिशवी अडकवून ठेवावी, तसा प्रकार.

कधीकधी त्या खिडकीत ‘ॲडमिनची मंजुरी हवी’ असे येते. म्हणजे विद्यापीठानेच बाहेरच्या प्रोग्रॅमांना दार बंद ठेवले आहे. पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकून उपयोग नाही. ‘माझ्या खात्यासाठी आयमॅप व थंडरबर्ड वापरण्याची परवानगी मिळावी’ असे संगणक विभागाला लिहावे. देतात, कधी देत नाहीत. दिली नाही तर ब्राउझरमधूनच वाचायचे, आणि महत्त्वाची पत्रे प्रिंटच्या आज्ञेतून पीडीएफ करून ठेवायची.

आता त्या आयमॅपबद्दल दोन शब्द, कारण समोर आयमॅप आणि पॉप असे दोन पर्याय येतात. पॉप म्हणजे पोस्टात जाऊन आपले टपाल पिशवीत भरून घरी आणणे. प्रत पोस्टात ठेवायला सांगितले नाही, तर तिकडची पेटी रिकामी होते आणि मग फोनवर काही दिसत नाही. आयमॅपमध्ये मूळ पत्र पोस्टातच राहते आणि घरी, फोनवर, कॉलेजात सगळीकडे त्याचीच प्रत दिसते. शिकत असताना आयमॅपच घ्यावे. मात्र एक लक्षात ठेवावे: घरी बसून पत्र पुसले की ते सगळीकडूनच पुसले जाते. “कॉम्प्युटर भरला म्हणून साफ केलं” असे म्हणणारी लेकरे घरात असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

झाले की स्वतःलाच एक पत्र पाठवून बघा. फोनवर तेच पत्र दिसले की जोडणी बरोबर.

नाव कुठले?

नावाची चौकट साधी दिसते, पण आपल्याला थांबवते. दहावी-बारावीची प्रमाणपत्रे माहेरच्या नावाची, आधार कार्ड सासरच्या नावाचे, एखादीचे तर लग्नात पहिले नावही बदललेले. ईमेल पत्ता विद्यापीठाने ठरवलेला असतो, तो आपल्याला बदलता येत नाही. पत्राच्या वर दिसणारे नाव मात्र आपल्या हातात आहे. प्रवेशाच्या नोंदीत जे नाव असेल तेच, त्याच क्रमाने लिहावे. आपण एका नावाने लिहायचे आणि कारकुनाने दुसऱ्या नावाने शोधायचे, यात उत्तर येणार कसे? नाव मराठीतही लिहिता येते. मला ते आवडते, पण कार्यालयाशी लिहिताना नोंदीप्रमाणे इंग्रजीच ठेवलेले सोयीचे पडते.

त्याच अकाउंट सेटिंग्जच्या पानावर सहीची चौकट असते. तीत पूर्ण नाव, अभ्यासक्रम, वर्ष आणि पीआरएन लिहून ठेवा. मग प्रत्येक पत्राखाली ते आपोआप उमटते आणि ‘कृपया आपला पीआरएन कळवावा’ अशा उत्तरात आठवडा जात नाही. वहिनींनी हे केले आणि त्यांच्या गुणपत्रिकेतल्या नावाची दुरुस्ती तीन पत्रांत झाली.

घरचा कॉम्प्युटर सगळ्यांचा असतो. थंडरबर्डमध्ये प्रायमरी पासवर्ड घालता येतो, तो जरूर घालावा. मात्र तो साठवलेल्या पासवर्डांवरचे कुलूप आहे, उतरलेली पत्रे त्याने झाकली जात नाहीत. खरा आडपडदा हवा तर विंडोजमध्ये आपले वेगळे खाते करावे, आपल्या पासवर्डाचे. “आईचं काय एवढं गुपित?” असे विचारले गेले तर विचारू द्यावे. मुलांच्या कप्प्याला कुलूप असते, बाबांच्या ड्रॉवरला असते, आईच्या टपालाला असायला काय हरकत आहे?

डावीकडे फोल्डरांची यादी असते. तिथे ‘परीक्षा’ आणि ‘फी’ असे दोन फोल्डर तरी करा. मेसेज फिल्टर्समध्ये परीक्षा विभागाचा पत्ता दिला की त्यांची पत्रे आपोआप तिथे जाऊन बसतात. आणि आठवड्यातून एकदा, डाळ-तांदूळ निवडतो तसे, स्पॅमचे फोल्डर उपसून पाहावे. एकाच वेळी हजारोंना गेलेले परिपत्रक कधीकधी कचरा समजून तिथे टाकले जाते. स्पॅममध्ये खरा कचराही असतोच. ‘तुमचे खाते आज बंद होणार, इथे पासवर्ड द्या’ असे पत्र विद्यापीठाच्या नावाने आले तर त्यातल्या दुव्याला हात लावू नका. विद्यापीठ पत्रातून पासवर्ड मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

या पत्त्यावर बँक, गॅस, विमा, मुलांची शाळा असले काही जोडू नये. त्यासाठी आपला खासगी पत्ता वेगळा ठेवावा. शिक्षण संपल्यावर खाते किती दिवस चालू राहते ते विद्यापीठाला आत्ताच विचारून घ्या.

शेवटच्या परीक्षेनंतर, निकालाची वाट पाहताना करण्याचे काम असे. थंडरबर्डच्या यादीत खाली ‘लोकल फोल्डर्स’ असते. ती जागा पूर्णपणे तुमच्या कॉम्प्युटरवरची, विद्यापीठाशी तिचा संबंध नाही. त्यात एक नवे फोल्डर करा. इनबॉक्समधली सगळी पत्रे निवडा, उजवी कळ दाबा आणि ‘कॉपी टू’ने तिथे उतरवा. ‘मूव्ह’ नको, कॉपीच. पाठवलेल्या पत्रांचे फोल्डर विसरू नका, आपले अर्ज त्यातच असतात. मग वायफाय बंद करून चार-दोन पत्रे आणि त्यांना जोडलेल्या फाइली उघडून बघा. नेटशिवाय उघडल्या म्हणजे त्या खरोखर घरी आल्या. टूल्समध्ये ‘एक्स्पोर्ट’ आहे, त्याने सगळ्याची एक झिप फाइल होते. दोन जीबीच्या वर पसारा असेल तर मात्र ती होत नाही, मग थंडरबर्ड बंद करून त्याचे प्रोफाइलचे फोल्डर जसेच्या तसे पेन ड्राइव्हवर घ्यावे. पेन ड्राइव्हला नाव आणि वर्षाची चिठ्ठी चिकटवून तो कपाटात गुणपत्रिकांच्या फाइलमध्येच ठेवा, मुलांच्या गाण्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये नको.